अंतिम वर्षाचा प्रकल्प आणि कारखान्याचा करार

आपण उपयोजित कला महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे काम पाहता. कोकणातील एका फळप्रक्रिया कारखान्याने आपल्या सहा विद्यार्थ्यांना कोकम सरबत, आगळ (कोकमाचा घट्ट रस), आंब्याचा गर आणि फणसपोळी यांच्या पॅकेजिंगवर काम करण्याचे निमंत्रण दिले आहे आणि सोबत चार पानांचा करार पाठवला आहे. त्यातील दोन कलमे आपल्याला खटकली आहेत: प्रकल्पातून निघणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर कारखान्याचा कायमचा हक्क राहील, आणि विद्यार्थ्यांनी ते काम कोठेही दाखवू नये. सही करावी की नाही, गुण देताना कारखान्याच्या मताला किती स्थान द्यावे, आणि जी सातवी विद्यार्थिनी कारखान्याऐवजी स्वतःचे चित्रपुस्तक करू इच्छिते तिला समजावून या प्रकल्पात ओढावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी पॅकेजिंगच्या व्यवसायात २२ वर्षे आहे आणि त्यांपैकी बरीच वर्षे या ना त्या महाविद्यालयात बाहेरचा परीक्षक म्हणून बसलो आहे. माझे मत असे, की आहे त्या मसुद्यावर सही करू नये, पण नकारही देऊ नये. आणि कलमांवर बोलणी सुरू करण्याआधी कारखान्याच्या पत्रातले पहिलेच वाक्य बदलून घ्यावे. ‘सहा विद्यार्थ्यांनी सहा पर्याय सादर करावेत, त्यांतून एक निवडला जाईल’ असे त्यात लिहिल्याचे आपण कळवले आहे. हा प्रकल्प नव्हे, ही फुकटात काढलेली निविदा झाली. पाच मुलांच्या वर्षभराच्या कामाला त्यात ‘नापसंत’ याखेरीज काही ओळख उरत नाही, आणि सहाव्यालाही आपले काम मालकांना आवडले एवढेच कळते, ते का आवडले हे कळत नाही. कारखान्याकडून काम मागू नये, त्याची अडचण मागून घ्यावी, आणि ती अडचण जेथे घडते तेथे उभे राहण्याची परवानगी मागावी. अशी मागणी केली की निम्मे करार आपोआप सोपे होतात, कारण मग कोणी कोणाला काही ‘करून’ देत नसतो.

उद्योगाच्या सोबतीने शेवटचा प्रकल्प करणे आपल्या देशात नवे नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये आणि आयआयटी मुंबईतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. बाहेरच्या प्रायोजकाकडे काही महिने काढून पदविकेचा प्रकल्प पुरा करण्याची रीत अहमदाबादला चांगली रुळलेली आहे. उपयोजित कलेची घडण मात्र वेगळी आहे. मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था स्वतंत्र झाली तीही १९६१ मध्येच, पण तिच्या वळणावर चाललेल्या आपल्या अभ्यासक्रमांत शेवटचे वर्ष म्हणजे प्रामुख्याने एका विषयाची पूर्ण कॅम्पेन, म्हणजे जाहिरात-मोहीम: पोस्टर, होर्डिंग, प्रेस-लेआउट (वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची मांडणी), शोकार्ड (दुकानात ठेवायचा जाहिरातीचा पुठ्ठा). तेथे ग्राहक बहुधा कल्पनेतला असतो. आपल्या मुलांचा हात त्यामुळे तयार होतो, परंतु समोर बसून ‘हे जमणार नाही’ असे म्हणणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. कारखान्याकडून मिळवायचा आहे तो हा माणूस.

काही वर्षांपूर्वी मी मार्गदर्शन केलेल्या एका विद्यार्थ्याने सरबताच्या काचेच्या बाटलीसाठी जलरंगात कोकमाची फळे रंगवून फार देखणे लेबल तयार केले होते. पडद्यावर पाहा किंवा सपाट कागदावर पाहा, त्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. त्या कारखान्यात लेबले हाताने लावली जात. तेथल्या एका ताईंनी बाटली मांडीवर आडवी घेतली, लेबलाची एक कड बसवली, तळवा दाबत बाटली फिरवली, आणि दुसरी कड पहिलीला भेटण्याऐवजी बोटभर वर निघून गेली. बाटली तळाशी निमुळती होती. निमुळत्या बाटलीला सरळ कडांचे लेबल कधीच नीट बसत नाही. ते कमानीसारखे वळवून कापावे लागते, आणि किती वळवायचे हे बाटलीचा वरचा व खालचा घेर मोजल्यावरच ठरते. शिवाय गरम सरबत भरून गार पाण्याखालून आलेली बाटली ओलसर होती, त्यामुळे कागद कडेला फुगत होता. ताई एवढेच म्हणाल्या, ‘आधी बाटली पुसायला एक माणूस द्या, मग तुमचं चित्र लावते.’

तो मुलगा परत आला आणि त्याने प्रकल्पाचा विषय बदलला. पुढच्या चार महिन्यांत त्याने ४० बाटल्या मोजल्या, एकाच पुरवठादाराच्या दोन खेपांमध्ये घेरात किती फरक पडतो ते वहीत लिहून काढले, लेबल पूर्ण वेढ्याऐवजी पुढे एक व मागे एक असे दोन तुकड्यांत आणले, आणि त्या दोन तुकड्यांसाठी पुन्हा चित्र काढले. कोकमाची फळे पहिल्यापेक्षा एक-तृतीयांश जागेत आली. माझ्या मते ते त्याचे सर्वांत चांगले चित्र होते.

चित्र आकसण्याचे दुसरेही कारण होते, आणि ते आपल्या सहाही विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवावे. खाद्यपदार्थाच्या लेबलावर चित्रकाराच्या मालकीची जागा फार थोडी असते. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सारे छापावेच लागते, आणि अक्षरांची किमान उंचीही ठरलेली असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, घटकपदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका हे त्यावर आणखी. विद्यार्थी ही मजकुराची पट्टी शेवटच्या रात्री मागच्या बाजूला चिकटवतात आणि परीक्षकही ती न वाचता पुढे जातात, ही आपल्या क्षेत्रातली जुनी खोड आहे. ‘हापूस’ हा शब्दही मनाने लिहायचा नाही: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा कारखाना त्याचा नोंदणीकृत वापरकर्ता आहे की नाही हे विचारूनच तो शब्द लेबलावर घ्यावा.

सहा जणांना सहा वेगळे प्रश्न द्यावेत. एकाने लेबल घ्यावे. दुसऱ्याने बाटल्या ज्या खोक्यातून मुंबईला जातात ते खोके घ्यावे. पुठ्ठा तीन प्लायचा (थरांचा) की पाच प्लायचा, आतील खण किती जाडीचे, उतरवताना हमाल ते कोठे पकडतो, हे त्याने स्वतः टेम्पोसोबत जाऊन पाहावे. तिसऱ्याने महामार्गावरच्या स्टॉलवर १० फुटांवरून काय वाचता येते तेवढेच पाहावे. फणसपोळीचा चिकटपणा आणि तिच्या आतला कागद हा एका वर्षाला सहज पुरणारा विषय आहे. देवनागरी अक्षरांचे काम एखाद्याने अवश्य घ्यावे, कारण अशा कारखान्यांच्या लेबलांवर इंग्रजी नाव मन लावून काढलेले असते आणि मराठी नाव संगणकात जो फॉन्ट पहिला सापडेल त्यात टाकलेले असते. येथे फॉन्टच्या परवान्याचीही गोष्ट निघते. वर्गात चालणारा उतरवून घेतलेला फॉन्ट बाजारात जाणाऱ्या मालावर चालत नाही, आणि नोटीस आली तर ती कारखान्याच्या पत्त्यावर येते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे बाजारातल्या मालावरही विनामूल्य वापरता येतात. सुरुवात तेथून करावी आणि वेगळे काही हवेच असेल तर त्याचा खर्च कारखान्याने करावा, असे करारातच लिहावे.

वेळापत्रकाची अडचण कोणी पत्रात लिहीत नाही, पण माझ्या अनुभवात प्रकल्प मोडतात ते सर्वांत जास्त तिच्यामुळे. आपले वर्ष जून-जुलैत सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये संपते. कोकणातला प्रक्रिया कारखाना नेमका एप्रिल-मेमध्ये दिवसरात्र चालतो, कारण आंबा, कोकम आणि फणस त्याच दोन महिन्यांत येऊन पडतात. विद्यार्थी दिवाळीनंतर जातात तेव्हा बहुतेक यंत्रे धुऊन झाकून ठेवलेली असतात आणि एक व्यवस्थापक त्यांना रिकाम्या शेडमधून फिरवून आणतो. यंदा हंगाम हातचा गेला आहे. सरबत भरण्याचे काम मात्र साठवलेल्या आगळावर पुढेही होत राहते, तेव्हा भरणीचा दिवस विचारून भेट ठरवावी. आणि पुढच्या वर्षाच्या मुलांना तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच, मेच्या पहिल्या पंधरवड्यात तेथे पाठवावे.

आता करार. मी वकील नाही, आणि अंतिम मसुदा वकिलाला दाखवावाच. परंतु कोठे बोट ठेवायचे ते सांगू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेले काम हा त्याला मोठा अपवाद आहे, तेथे मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. म्हणून मसुद्यात विद्यार्थ्यांना ‘अप्रेंटिस’ किंवा ‘कर्मचारी’ म्हटले असेल तर तो शब्द काढावा; प्रकल्प हा अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि विद्यार्थी महाविद्यालयाचे आहेत, असे स्पष्ट लिहावे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेले रंगचित्र किंवा छायाचित्र हाही अपवाद आहे. तेव्हा मानधन घेणार असाल तर ते कशाबद्दल घेतले, प्रवास व साहित्याबद्दल की चित्राबद्दल, हे पावतीवर नमूद असावे.

हक्क देणे म्हणजे सर्वस्व देणे नव्हे. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. कारखान्याचा वकील ‘कायमचे व सर्व जगासाठी’ असे लिहितो ते यासाठीच. माझा सल्ला असा, की प्रकल्प चालू असताना काहीच हस्तांतरित करू नये. निकाल लागल्यावर कारखान्याला जे काम खरोखर वापरायचे असेल तेवढ्यापुरता, त्या विद्यार्थ्याशी, मोबदला ठरवून वेगळा करार व्हावा, आणि पहिली विचारणा करण्याचा हक्क सहा महिने कारखान्याकडे असावा. समंजस उद्योजक हे मान्य करतो, कारण त्याला सहापैकी फार तर एखादेच काम हवे असते. कलम ५७ चा उल्लेखही करावा. हक्क विकल्यानंतरसुद्धा आपण कर्ता आहोत असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो, आणि विद्यार्थ्याच्या पुढच्या नोकरीसाठी मानधनापेक्षा हीच गोष्ट मोलाची असते.

काम दाखवू नये, या कलमामागे कधी नुसता संशय असतो आणि कधी खरे कारण असते. दोन्ही वेगळे काढावेत. लेबलावरचे चित्र ही कलाकृती आहे, तिचे संरक्षण कॉपीराइटने होते, आणि ती वार्षिक प्रदर्शनात लावल्याने कोणाचे काही बिघडत नाही. बाटलीचा किंवा डबीचा नवा आकार ही मात्र वेगळी वस्तू आहे. त्याची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते, संरक्षण १० वर्षे व पुढे वाढवून ५ वर्षे मिळते, आणि त्यासाठी अर्ज करण्यापूर्वी तो आकार कोठेही प्रसिद्ध झालेला नसावा लागतो. विद्यार्थ्याने उत्साहाने ऑनलाइन पोर्टफोलिओवर टाकलेले एक छायाचित्र नोंदणी घालवायला पुरते. उलट दिशेनेही धोका आहे: नोंदणी करता येण्याजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि औद्योगिक पद्धतीने त्याच्या ५० पेक्षा जास्त प्रती काढल्या, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. म्हणून नवा आकार निघाला असेल तर प्रदर्शनाआधी अर्ज, ही एकच अट कारखान्याने घालावी आणि तो अर्ज करण्यासाठी त्याला ठरावीक तारीख द्यावी. पाककृती, पुरवठादारांची नावे आणि खरेदीचे दर कायमचे गुप्त राहावेत, त्याबद्दल वाद नको. परीक्षक आणि ज्युरी यांना संपूर्ण काम पाहता येईल, एवढे एक वाक्य मात्र घालायला विसरू नये. ते नसल्यामुळे एका विद्यार्थिनीला निम्मी पाने झाकून प्रकल्प सादर करावा लागल्याचे मी पाहिले आहे.

हे सारे मी इतक्या तपशिलात सांगतो त्याला कारण आहे. मी मार्गदर्शक असताना एका प्रकल्पात आमच्याकडे कागद म्हणून फक्त दोन ईमेल होते. सादरीकरणानंतर कंपनीने ‘सध्या विचार नाही’ असे कळवले. सुमारे वर्षभराने त्या विद्यार्थिनीला एका दुकानात तिचेच चित्र दिसले. चित्रातली पाने उलटी फिरवलेली, रंग थोडा गडद, बाकी सगळे तेच. कंपनीत विचारले तर ज्यांच्याशी आमचे बोलणे झाले होते ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. चूक माझी होती. मी तिला कच्ची आरेखने तारखा घालून वहीत ठेवायला सांगितले नव्हते, आणि कंपनीकडून दुसऱ्या माणसाचे नाव घेतले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकल्पात कारखान्याकडून दोन नावे मागतो, एक निर्णय घेणाऱ्याचे आणि एक शेडमध्ये काम पाहणाऱ्याचे. दर भेटीनंतर विद्यार्थ्याने चार ओळींचे टिपण दोघांनाही पाठवायचे असते.

श्रेयाचा हिशेब आपल्या मुलांनाही लागू आहे. कोकणी माल म्हटला की कोणीतरी सावंतवाडीच्या गंजिफांतील (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवरील) नक्षी उचलून खोक्यावर लावणारच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले असताना, जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला मूळ न सांगता आणल्या तेव्हा आपल्या वर्गांतून केवढा संताप उसळला होता. तोच वर्ग गंजिफा कलावंताला न विचारता नक्षी वापरतो. ती नक्षी हवी असेल तर सावंतवाडीला जावे, कलावंताला काम द्यावे, त्याचे नाव व मोबदला करारात घालावा.

गुणांबाबत मी ठाम आहे: कारखान्याच्या प्रतिनिधीला ज्युरीत बसवावे, त्याला प्रश्न विचारू द्यावेत, त्याचे लेखी मत घ्यावे, पण गुण देऊ देऊ नयेत. त्याला जे स्वस्तात छापून होईल ते आवडते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु विद्यार्थ्याने प्रश्न कसा शोधला, किती वेळा मागे फिरला, मोजमापे खरी घेतली का, हे त्याला दिसत नाही. कारखान्याने नाकारलेला प्रकल्प वर्गात पहिला येऊ शकतो आणि उचललेला प्रकल्प जेमतेम पास होऊ शकतो, हे विद्यार्थ्यांना आणि कारखान्याला सुरुवातीलाच सांगून ठेवावे. कारखान्याने जानेवारीत अंग काढून घेतले तर काय, हेही तेव्हाच ठरवावे. तोवर जमवलेली मोजमापे आणि टिपणे विद्यार्थ्याची राहतील आणि त्यांवर तो प्रकल्प पुरा करू शकेल, एवढे कलम पुरे आहे. प्रवास, डमी (कच्चा नमुना), प्रूफ (छपाईची चाचणी प्रत) आणि डाय (कापण्याचा साचा) यांचा खर्च कारखान्याने करावा, कारण ज्याच्या घरून पैसे येतात तोच मुलगा नमुने करू शकतो, अशी स्थिती आली की गुणांची तुलना खोटी ठरते.

आपल्या सातव्या विद्यार्थिनीला या प्रकल्पात ओढू नये. तिला कारखान्याचे वावडे आहे असे समजण्याचे कारण नाही, तिचा कारखाना वेगळा आहे एवढेच. तिला एखाद्या छापखान्यात पाठवावे आणि तेथील मशीनवाल्याला तिचा सहकारी माना: कागद कोणत्या आकारात येतो, एका शीटवर किती पाने बसतात, निळ्या रंगावर काळा छापला की काय होते, हे तिने त्याच्याकडून शिकावे. तिने पुस्तक ३० पानांचे आखले असेल, तर तो पहिल्याच भेटीत तिला ३२ वर आणील, आणि उरलेल्या दोन पानांत काय काढायचे याची चिंता तिला दिवाळीपर्यंत पुरेल.